वरून पिणाऱ्या काकू

काकूंना चहा पिताना पाहिलं की समोरच्याचा चहा गार व्हायचा. माझाही झाला. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी भाड्याची खोली बघायला गेले होते. दुबईत नवीन, नोकरी जेमतेम लागलेली, शेअरिंगमधल्या मुलींच्या कटकटीला वैतागलेली. काकूंनी आल्याचा चहा केला, मला कप दिला, आपला कप कपाळाच्या वर उचलला, मान मागे टाकली आणि ओतला की सरळ घशात! वाफाळता चहा, बरं का. बारीक, अखंड धार. ना चटका, ना ठसका, ना साडीवर थेंब. मग कप खाली ठेवून, काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सकाळी बाथरूम आधी माझं, मग तुझं. चालेल?" मी चालेल म्हटलं. खोली बघायची राहूनच गेली.

वरून पाणी पिणारी माणसं आपल्याकडे रगड आहेत. माझी आत्याच प्यायची आणि निम्मं पदरावर सांडायची. पण चहा, कॉफी, सूप, कढी, सगळं वरून? रविवारी मटण आणायच्या तर त्याचा रस्साही वरून. देवाधर्माची भानगड अजिबात नव्हती हां. उपास नाही, सोवळं नाही, देव्हाऱ्यात दिवा लागला तर लागला. "उष्टं मला चालत नाही. किळस येते. खलास," एवढंच स्पष्टीकरण. भांडं घासून लख्ख केलं तरी त्याला कधीकाळी कुणाचं तोंड लागलंय हे काकू विसरत नसत. स्वतःचं तोंडसुद्धा त्यांनी कधी भांड्याला लावलं नाही. लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या होत्या, जिलबीचा तुकडा लांबून टाका. त्यांनी टाकला, काकूंनी झेलला, आणि सांगलीच्या मांडवात टाळ्या पडल्या. हे त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं आणि वर ताकीद दिली, "कुणाला सांगू नकोस. लोकांना काय, हसायला निमित्त."

बाई एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा टोरांटोला, आणि ह्या इथे एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून ताठ. एसीशी बोलायच्या. "पुरे रे बाबा, काय बर्फात घालून सांगलीला धाडतोस का मला?" टॅक्सीवाला पठाण असो की फिलिपिनो, त्याच्याशी मराठीत बोलायच्या आणि तो बरोबर पत्त्यावर पोचवायचा. दिरहमचे रुपये कधी करायच्या नाहीत. मी दुकानात तोंडातल्या तोंडात हिशोब पुटपुटायला लागले की हातावर चापट. "रुपये करत बसलीस तर पाणी उतरणार नाही घशाखाली, टवळे!"

तर एका शनिवारी आम्ही दोघी ड्रॅगन मार्टला प्लॅस्टिकचे डबे घ्यायला निघालो होतो आणि माझ्या जुन्या गाडीने अल कूझच्या गोदामांमध्ये मान टाकली. जुलै महिना. गॅरेजवाला म्हणाला, "दो घंटा, मॅडम." त्या उन्हात दोन तास म्हणजे आमचे पापडच झाले असते. गॅरेजशेजारी फरशांचं गोदाम, त्याच्या शेजारी एक लाकडी दार, दारावर अर्धा निळा पडदा. काकू म्हणाल्या, "आत एसी असेल. यल्ला, चल." आणि पडदा सारून आत शिरल्या.

आत पाऊल टाकलं आणि बाहेरचं सगळं बंदच झालं, ड्रिल मशीनचा आवाज, ट्रकचे हॉर्न, सगळं. चार-पाच बुटकी टेबलं, लाकडाचा वास, आणि राखाडी एप्रन घातलेली एक वयस्कर जपानी बाई. मी तिला मनातल्या मनात आजी म्हणून टाकलं. आजी कमरेत वाकली. काकूंनी हात जोडले. मी इंग्रजीत विचारलं, चहा मिळतो का? आजी म्हणाली, "हाय." म्हणजे जपानीत हो.

काकूंचा चेहरा उजळला. "हाय म्हणाली! अगं, आमच्याकडे पण हाय म्हणजे हायच की!" तेव्हापासून जपानी ही सांगली जिल्ह्याचीच बोली आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. आजीशीही त्या मराठीतच बोलत गेल्या.

आधी आलं गोड. पांढरा, मऊ, गालासारखा एक गोळा, वर तांदळाच्या पिठाची भुकटी, आणि कापायला लाकडाची चपटी काडी. मोची म्हणतात त्याला. काकूंनी काडीने कापून आत डोकावून पाहिलं. "ही मोदकाची पारी. आणि हे पुरण. चवळीबिवळीचं असावं, लाल. वेलची घालायची विसरली बाई." तुकडा वरून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. चिकट चीज ती, पण काकूंचा नेम म्हणजे नेम.

मग मोठ्या वाडग्यात हिरवी पूड, त्यावर गरम पाणी, आणि बांबूची एक छोटी रवी. आजी घुसळायला लागली ते बघण्यासारखं होतं. मनगट तेवढं हलत होतं, बाकी बाई देवळातल्या मूर्तीसारखी. हिरवागार फेस आला. तिने वाडगा काकूंपुढे ठेवला, थोडा फिरवून, त्याची चांगली बाजू काकूंकडे करून. दोन्ही हातांनी धरून ओठाला लावायचा असतो तो, हे शेजारच्या टेबलावर बघून मला कळलं होतं. वाडगा हा असा परातीएवढा पसरट. आता काय करतायत?

काकूंनी दोन्ही हातांनी वाडगा उचलला, कपाळाच्या वर नेला आणि ओतला.

आख्खी खोली थांबली. त्या पसरट काठावरून बोटभर जाडीची हिरवी धार निघाली आणि एक थेंब इकडेतिकडे न होता काकूंच्या घशात गेली. आजीचा हात हवेत तसाच राहिला. वाडगा अलगद खाली आला. मला तो चहा शेवग्याचा पाला वाटून प्यावा तसा लागला होता. काकू म्हणाल्या, "आत कुणीतरी सडा घातलाय असं वाटतंय गं."

पुढच्या शनिवारी त्यांनीच मला उठवलं. गाडी ठणठणीत होती, डबेही घेऊन झाले होते, तरी आम्ही अल कूझला. आजीने चहा घुसळला आणि आणून ठेवला तो वेगळ्याच वाडग्यात. त्या वाडग्याच्या काठाला चिमणीच्या चोचीसारखी चोच होती. धार नीट पडावी म्हणून. काकू त्या चोचीवरून बोट फिरवत राहिल्या.

"बघितलंस?" घरी जाताना गाडीत म्हणाल्या. "विचारलं नाही. एका शब्दाने विचारलं नाही, की बाई, तू अशी का पितेस. भांडं तेवढं काढून ठेवलं." थोड्या वेळाने पुन्हा, "जगात दोनच बायका अशा. एक ही आणि एक आमच्या आपा."

आपा म्हणजे देऱ्यातल्या, दुबईच्या जुन्या भागातल्या, त्यांच्या शेजारीण. रत्नागिरीकडच्या. काकू लग्न होऊन दुबईला आल्या त्या देऱ्यातल्या एका इमारतीत, आणि समोरच्या दारात आपा आणि त्यांचे मिस्टर, ज्यांना सगळे चाचा म्हणत. इथे ना कुणाची सासू ना आई, त्यामुळे बाळंतपणं, आजारपणं, सगळी ह्या दोन दारांमध्येच झाली. काकूंच्या मुलाच्या उष्टावणाला पहिला घास भरवायला मामा हवा. काकूंचा भाऊ सांगलीला. त्यांच्या नवऱ्याने समोरच्या दारातून चाचांना ओढून आणलं, "चला, तुम्ही मामा!" चाचांनी सोन्याची अंगठी खिरीत बुडवून पोराला चाटवली, पोराने अंगठीच धरून ठेवली, सोडेना. तो फोटो काकूंच्या हॉलमध्ये होता.

आपांच्या स्वयंपाकघरात काकूंसाठी एक स्टीलचं फुलपात्र वेगळं ठेवलेलं असायचं. काकू गेल्या की त्यातच चहा, त्यातच पाणी. त्या फुलपात्राचा काकूंना कोण अभिमान! "मी सांगितलंसुद्धा नव्हतं. पहिल्या महिन्यातच ओळखलं तिने. ह्याला म्हणतात माया." दर शुक्रवारी मेट्रोने देऱ्याला जायच्या, आपांच्या हातची सांदणं खायला. मलाही न्यायच्या. आपा त्यांना वहिनी म्हणायच्या, ह्या त्यांना आपा, आणि दोघी एकमेकींना तीस वर्षं अहो-जाहो.

आजीच्या दुकानात एकदा दोन म्हाताऱ्या जपानी बायका आल्या होत्या. आजीने त्यांच्यासाठी वेगळाच चहा केला, घट्ट, पातळ पिठल्यासारखा, आणि दोघींत एकच वाडगा ठेवला. एक प्यायली, कागदाने काठ पुसला, दुसरीला दिला, दुसरी प्यायली. काकू थिजून बघत होत्या.

"एकाच वाडग्यातून?"

मी आजीला विचारून सांगितलं, की हो, घट्ट चहाची तशीच रीत आहे. एकत्र बसलेली माणसं एकाच वाडग्यातून पितात. शेवटचा घोट तर आवाज करून घ्यायचा, म्हणजे आवडलं असं कळतं.

"शी शी शी! आणि वर भुरका मारायचा! पुसून देतात म्हणे. पुसलं की झालं?" काकूंनी तोंड फिरवलं. मला हसू आवरेना. पण निघताना त्यांनी त्या दोघींकडे एकदा वळून पाहिलं. त्या कशावर तरी फिदीफिदी हसत होत्या.

हिवाळ्यात आपांचं जायचं ठरलं. चाचांनी धंदा आवरला, गावी घर बांधून तयार होतं, व्हिसा कॅन्सल करायला टाकला. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी जायचंच असतं, त्यात नवीन काही नाही. तरी आम्ही शेवटच्या शुक्रवारी गेलो तेव्हा त्या घरात खोकीच खोकी बघून मला भडभडून आलं. काकू मात्र नेहमीसारख्या मोठ्यांदा बोलत होत्या, हे नेऊ नका, ते तिथे मिळतं, मिक्सर कशाला न्यायचा. आपांनी चहा केला. फुलपात्रात काकूंना, कपात मला. काकू प्यायल्या, वरून. मग आपांनी ते फुलपात्र आत नेलं, घासलं, कोऱ्या नॅपकिनात गुंडाळून आणलं आणि काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं, वहिनी. तीस वर्षं वेगळं ठेवलं. पोरांना ताकीद होती, सुनेला, नातवंडांना पण. आमच्या कुणाचं तोंड नाय लागलं कधी. तुम्हाला आम्ही बाटवलं नाय, एवढं लक्षात ठेवा."

काकू हसत होत्या, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "बाटवलं?"

"मग काय वो. आमच्या घरचं भांडं."

"अहो आपा, नाही नाही! मला उष्टं चालत नाही. कुणाचंच. मी यांचंसुद्धा कधी..."

"जाऊ दे वो वहिनी. मला काय राग नाय. ज्याचं त्याच्याकडे." आपा खोक्याला टेप लावत होत्या. आवाजात जरासुद्धा विखार नव्हता, तेच तर वाईट. "ईदला तुमचे साहेब आमच्या एकाच थाळ्यावर बसायचे, पोरांच्या हाताला हात लावून जेवायचे. तुम्ही बाजूला, खुर्चीवर, वेगळी प्लेट. मी समजले तेव्हाच. म्हटलं, बाईमाणूस आहे, मायेची आहे, पण एवढं तिला नाय जमत. तर आपण सांभाळून घ्यायचं."

"पण मी माझ्या घरीसुद्धा वरूनच पिते! तुम्ही बघितलंय!"

"मी आल्यावर, हो," आपा म्हणाल्या. "मी समोर नसताना काय करता, ते मला कसं दिसणार?"

मी मध्ये तोंड घातलं, खरंच हो आपा, काकू तशाच आहेत. आपा माझ्याकडे बघून गोड हसल्या, पाहुण्यांबरोबर आलेल्या पोरीकडे बघून हसतात तसं. झालं. त्यांनी आम्हाला सांदणांचा डबा बांधून दिला.

मेट्रोत काकू फुलपात्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बुर्जुमान स्टेशनला गर्दी चढली, उतरली. "मी उष्टं म्हणत होते," त्या म्हणाल्या, "आणि ती बाट ऐकत होती. तीस वर्षं! आणि मी मूर्ख, माया माया करत त्याच फुलपात्रातून पीत होते."

"मग सांगा ना परत. नीट बसून."

"काय सांगू? आता काहीही बोलले तरी सारवासारवच वाटणार. सोमवारी जातेय ती. हे मनात घेऊन जाणार, गं."

त्या रात्री त्या एसीशी एक शब्द बोलल्या नाहीत. मुलाचा व्हिडिओ कॉल आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, जस्ट टॉक टू हर, ना." काकू भडकल्या. "तोंडाचीच तर सगळी भानगड आहे, त्यात अजून तोंड काय चालवू!" आणि फोन ठेवून दिला. मग बराच वेळ त्या उष्टावणाच्या फोटोपुढे उभ्या होत्या. सकाळी मला उठवून म्हणाल्या, "आपांना फोन लाव. म्हणावं, जायच्या आधी एकदा काकूंबरोबर जपानी चहा प्यायला चला."

चाचाच आपांना घेऊन आले. त्यांची गाडी अजून विकायची होती. "पाल्याचा चहा तुम्हीच प्या, मी इथे एसी लावून पडतो," म्हणत ते गाडीतच थांबले. आपा नवा बुरखा घालून, जराशा संकोचाने आत आल्या. मोची खाल्ली. "हे सांदणच वो. फुगायचं तेवढं राहिलंय." काकू हसल्या, पण त्यांचे हात टेबलाखाली होते आणि मला दिसत होतं, एकमेकांत घट्ट आवळलेले.

आजी चोचीचा वाडगा घेऊन निघालीच होती. काकूंनी मान हलवली. एक बोट वर केलं, मग आपांकडे दाखवलं आणि स्वतःकडे. "एकच. घट्ट. दोघींत."

आजीने काकूंकडे नीट पाहिलं. मग चोचीचा वाडगा परत फळीवर ठेवला. "हाय," म्हणाली.

तो चहा व्हायला वेळ लागतो. घुसळत नाहीत, हळूहळू मळतात म्हणायला हवं. आजीने काळा, खडबडीत वाडगा आणून दोघींच्या मध्ये ठेवला आणि काकूंनी तो आपांकडे सरकवला. "आधी तुम्ही."

आपांनी वाडगा उचलला आणि मग काय ते त्यांच्या लक्षात आलं. "दुसरं भांडं नाय? वहिनी, माझं तोंड लागेल."

"लागू दे."

"उगीच कशाला वो..."

"प्या म्हणते ना!"

आपांनी दोन घोट घेतले. "कडू आहे गो बाय!" मग आजीने शेजारी ठेवलेला कागद घेऊन त्या घाईघाईने काठ पुसायला लागल्या, तर काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "पुसू नका."

काठावर आपांच्या ओठांचा हिरवा ठसा होता. वाडगा फिरवून घ्यायचा असतो. काकूंनी फिरवला नाही. वर उचलला नाही. मान मागे टाकली नाही. तो ठसा समोर धरला, एकदा डोळे मिटले आणि त्यावरच तोंड लावलं. त्यांच्या घरात दोन वर्षं राहिले होते मी, आणि ह्या बाईचे ओठ भांड्याला टेकलेले पहिल्यांदा बघत होते.

आणि काय सांगू! सगळं सांडलं. डोक्यावरून धार सोडून थेंब न सांडणाऱ्या काकूंना तोंड लावून पिताच येईना. वाडगा किती कलता करायचा, ओठ कुठे मिटायचे, श्वास कधी घ्यायचा, काही म्हणजे काही कळेना त्यांना. हिरवा ओघळ हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून मोतिया साडीवर. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी हात पुढे केला तर डोळ्यांनीच दटावलं मला. वाडगा सोडला नाही. तळापर्यंत प्यायल्या, आणि शेवटी दणकून एक भुरका मारला.

आपांनी ओढणीचं टोक घेतलं आणि काकूंची हनुवटी पुसायला लागल्या, तान्ह्या पोराची पुसतात तशी. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला येतच नाय वो!"

काकूंनी मान डोलावली.

"म्हणजे कधीच नाय? कुणाच्याच घरी? या अल्ला! तुम्हाला तोंड लावून पिताच येत नाय!"

"मग केव्हाची काय सांगतेय मी, आपा?" काकूंचा आवाज फुटला. हिरव्या मिशा, साडीची पार वाट लागलेली, नाक वाहतंय, आणि तशा त्या हसायला लागल्या. "झालं एकदाचं माझं उष्टावण!"

आपा त्यांच्या गळ्यात पडल्या. हसतायत की रडतायत कळेना. "आणि मामाला," त्या कशाबशा म्हणाल्या, "मामाला गाडीत बसवून आलो की गो!"

मी चाचांना बोलवायला बाहेर पळाले.